खडूकाकांचे चाळीस निर्दोष दिवस

खडूकाकांना सगळे खडूकाका म्हणत ते त्यांच्या खिशातल्या खडूमुळे. प्रवासी बॅगांच्या कारखान्यात ते अगदी शेवटच्या टेबलापाशी उभे असत. शिवून, ठोकून, चाकं बसवून तयार झालेली बॅग पुढे आली की ते तिची चेन तीनदा उघडत, तीनदा लावत. हँडल वर ओढत, खाली दाबत. मग बॅग फरशीवरून चार पावलं चालवत, आणि त्या चार पावलांत डोळे मिटून चाकांचा आवाज ऐकत. काही खुपलं की खडूची फुली. फुलीची बॅग मागे जायची, बिनफुलीची पुढे. "चांगली झालीय" असं एकवीस वर्षांत त्यांनी एकाही बॅगेला म्हटलेलं नव्हतं. फुली नाही म्हणजे चांगली. त्यात आणखी बोलायचं काय?

आता माणसानं संध्याकाळी आपला धंदा कारखान्यातच ठेवून घरी यावं की नाही? छे! खडू खिशात राहायचा, पण फुल्या जिभेवरून घरी यायच्या. पडद्याच्या दोन कड्या कमी आहेत. दाराची बिजागरी कुरकुरते. भाजीत मीठ मागाहून घातलंय, आतपर्यंत मुरलेलं नाही. बायकोनं लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी ह्या माणसाची भाषा शिकून घेतली होती. नवरा खाली मान घालून, एक शब्द न बोलता जेवला की ती समजायची, आज स्वयंपाक उत्तम झालाय. तिच्या वाट्याला कौतुक म्हणून काय आलं असेल, तर ते हे असं गप्प बसणं.

मुलीचंही तेच. शाळेत असल्यापासून भाषण असो की कविता, ती आधी बाबांसमोर म्हणून दाखवायची. बाबा खुर्चीत डोळे मिटून बसायचे. "थांब. इथे घाई केलीस." "थांब. हात कशाला हलवतेस, माश्या वारतेस का?" मुलगी चिडायची, पाय आपटायची, एकदा तर तिनं भाषणाचा कागद फाडून खिडकीबाहेर फेकला होता. पण पुन्हा उभी राहायची. सात-आठ वेळा म्हणून झाल्यावर मग एकदा असं व्हायचं, की ती पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलली आणि बाबा गप्प! एवढं झालं की ती गाणं गुणगुणत झोपायला जायची. दुसऱ्या दिवशी स्टेजवर ती कुणाला म्हणून घाबरत नसे.

सगळं आपल्या जागी ठीक चाललं होतं. पण मेव्हण्यानं, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावानं, नवीन घर घेतलं आणि माशी शिंकली. घर बघायला वीस-पंचवीस माणसं जमलेली, हातात सरबताचे ग्लास. खडूकाका आपले स्वयंपाकघरात शिरले आणि बोटाच्या पेरानं भिंतीवरच्या टाइल्स एकेक करून वाजवू लागले. "ही पोकळ. ही पण पोकळ." सोळा निघाल्या. आकडा त्यांनी बाहेरच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल असा जाहीर केला. मेव्हण्याची बायको नव्याकोऱ्या ओट्याला टेकून रडली. खडूकाकांची बायको जी ओठ मिटून घरी आली, ती नऊ दिवस नवऱ्याशी बोलली नाही. घरात माणसं तीन, आणि निरोप मुलीमार्फत!

दहाव्या दिवशी मेव्हणाच दारात हजर. चेहऱ्यावर असं हसू की खडूकाकांना वाटलं, ह्याला ताप आलाय. "भावजी, मी तुम्हाला माफ केलंय," तो म्हणाला. "आधी तळपायाची आग मस्तकात गेली होती, खोटं कशाला सांगू. पण सरांमुळे जमलं. तुम्ही एकदा या. ताईला पण आणा."

हे सर म्हणजे एका फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी माणसं बदलून देणारे गृहस्थ. त्यांना गुरू म्हटलेलं चालत नसे. "मी कोण? मी तुमच्या वाटेवरचा एक साधा दगड," असं ते म्हणत. त्या साध्या दगडाचा पुरुषभर उंचीचा फोटो जिन्यात लावलेला होता. बोलायचे इतकं सावकाश, की दोन शब्दांच्या मध्ये माणूस खाली जाऊन चहा पिऊन येईल. पण लोक माना डोलवत ऐकायचे.

"दुसऱ्यात जो दोष दिसतो," सर म्हणाले, "तो खरं तर... आपलाच असतो. आपल्यात नसता... तर ओळखू आला असता का?"

खडूकाकांना ह्या वाक्यातला दोष तिथल्या तिथे दिसला. शेजाऱ्याचा गाल सुजलेला ओळखायला स्वतःची दाढ दुखायला लागत नाही. त्यांनी तोंड उघडलंही होतं. पण नऊ दिवसांनी बायको त्यांच्या शेजारी बसली होती, तिचं कोपर त्यांच्या कोपराला लागत होतं, आणि तिच्या डोळ्यांत एवढी आशा होती की त्यांनी तोंड मिटलं.

साधना सोपी होती. चाळीस दिवस कुणाचाही, कशाचाही दोष बोलून दाखवायचा नाही. दिसला की वहीत लिहायचा, आणि वाक्याची सुरुवात "मी" किंवा "माझं" अशी करायची. दोष आपलाच ना! मध्येच एकदा जरी तोंडून निघाला, तर पुन्हा पहिल्या दिवसापासून. वही दर रविवारी सरांना दाखवायची. चाळिसाव्या दिवशी मोठ्या सभागृहात मेळावा. ज्याची वही सगळ्यांत उत्तम, त्याचा स्टेजवर सरांच्या हस्ते सत्कार.

ह्या शेवटच्या वाक्यानं घात केला. खडूकाका आयुष्यात कधी स्टेजवर चढले नव्हते. शाळेत नाही, कारखान्यात नाही, स्वतःच्या लग्नातही फोटोवाल्याच्या मागे उभं राहून त्याचा कॅमेरा वाकडा असल्याचं सांगत होते. त्यांनी घरी जाताना वाटेतच दोनशे पानी वही घेतली. शंभर पानी पुरणार नाही, हे त्यांना स्वतःबद्दल पक्कं ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी टेबलावर पहिलीच बॅग आली तिचं चाक डावीकडे ओढत होतं. हात आपोआप खिशात गेला. खडूकाकांनी तो दुसऱ्या हातानं धरून बाहेर काढला, वही उघडली आणि लिहिलं, "माझं एक चाक डावीकडे ओढतं." बॅग पुढे गेली. दुसरीची चेन अडकत होती. "माझी चेन तिसऱ्या दाताशी अडकते." तिसरीचं अस्तर. "माझं अस्तर तिरकं लागलेलं आहे." दुपारपर्यंत चार पानं भरली. कपाळावर घाम आला होता, पण छातीत काहीतरी हलकं वाटत होतं, हेही खरं.

शिलाईच्या मशीनवर एक बाई बसायची. बारा वर्षं तिनं ह्या फुल्या खाल्लेल्या. ती संध्याकाळी मुद्दाम उठून आली. "काका, आज एकही फुली नाही? तब्येत बरी आहे ना?" खडूकाका सरांसारखं हसले. ती घाबरून परत गेली. चौथ्या दिवशी तिची भीड चेपली. दहाव्या दिवसापर्यंत ती एका हातानं मोबाइल कानाला धरून शिवायला लागली. मालक तर हरखलेच. मागे पाठवायच्या बॅगांचा कोपरा रिकामा पाहून त्यांनी त्या कोपऱ्यात कुंडी आणून ठेवली. "काका, असे सर आधी का नाही भेटले तुम्हाला?" ते म्हणाले, आणि सगळ्या कामगारांना त्या रविवारच्या सभेला पाठवायचा विचार आहे असंही बोलले.

घरी पहिला आठवडा नुसता आनंद. बायको हसायची, मेव्हणा जेवायला यायचा. तो जेवताना मचमच असा आवाज करतो की शेजारच्या खोलीत टीव्ही मोठा करावा लागतो. खडूकाकांनी ताटाखाली वही धरून लिहिलं, "मी जेवताना मचमच करतो."

पण बायकोला दुसऱ्या आठवड्यात काहीतरी खटकायला लागलं. नवरा रोजच गप्प जेवत होता. रोजच! आता कुठलं गप्प बसणं खरं आणि कुठलं सरांचं? तिनं एक दिवस मन घट्ट करून भाजीत मूठभर मीठ टाकलं. मुलीनं पहिल्या घासाला ठसका लागून पाण्याचा तांब्या उचलला. खडूकाकांनी सगळी भाजी संपवली, तीन ग्लास पाणी प्यायले, उठून गेले आणि लिहिलं, "माझ्यात मीठ फार आहे." बायको मोरीपाशी उभी राहून म्हणाली, "अहो, शिव्या द्या, पण असं करू नका. माझ्या हातचं जेवताय की हॉटेलातलं, हे तरी कळतंय का तुम्हाला?" त्यांनी ह्यालाही हसूनच उत्तर दिलं. तिनं भांडं आपटलं. मग त्यांनी लिहिलं, "मी भांडी आपटतो."

आता मुलीचं ऐका, कारण खरी गोष्ट तिचीच आहे.

मुलगी चोवीस वर्षांची. डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवर बसून नंबर पुकारायचं काम करायची. "टोकन नंबर सत्तेचाळीस, खोली क्रमांक दोन." दिवसभर आकडे पुकारून ती आकड्यांना विटली होती. तिला वाक्यं हवी होती. रेडिओवर बातम्या वाचणाऱ्याची एक जागा निघाली, तेव्हा तिनं अर्ज केला आणि लेखी परीक्षेत पहिल्या पाचांत आली. आता आवाजाची चाचणी राहिली होती. ही जागा तीन-चार वर्षांतून एकदा निघते. पुढच्या वेळी निघेल तेव्हा वयात बसू की नाही, हे तिनं बोटांवर मोजून पाहिलं होतं. बसत नव्हती.

साधनेच्या एकविसाव्या दिवशी ती वर्तमानपत्र घेऊन बाबांसमोर उभी राहिली. "बाबा, ऐका हं. चुकलं की थांबवा." खडूकाकांनी सवयीनं डोळे मिटले. तिनं पहिली बातमी वाचली. आवाज गोड, उच्चार स्वच्छ, पण प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द पोटात! दवाखान्यातली सवय ती. सत्तेचाळीस म्हटलं की माणूस उठतोच, पुढचं कोण ऐकतंय? म्हणून पुढचं ती आपोआप सोडून द्यायची. "उद्या शहरातल्या शाळा बंद राहणार," एवढं ऐकू आलं आणि "नाहीत" गेलं घशाखाली. खडूकाकांच्या अंगावर काटा आला. अगं, अर्ध्या गावानं पोरांना घरी ठेवलं असतं! तोंडातून "थ" निघालासुद्धा. त्यांनी तो खोकल्यात लपवला.

मुलीनं पाच बातम्या वाचल्या. बाबांनी एकदाही थांबवलं नाही. ती वर्तमानपत्र छातीशी धरून उभी राहिली. "एकदम? पहिल्याच खेपेला?" असं म्हणून ती धावत स्वयंपाकघरात गेली. "आई, बाबा गप्प बसले! पाचही बातम्यांना!"  मिठाची भाजी आईच्या ध्यानात होती. पण लेकीचा चेहरा इतका फुललेला, की तिला बोलवेना.

खडूकाकांनी खोलीत जाऊन लिहिलं, "मी वाक्याचा शेवटचा शब्द गिळतो."  दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मुलगी रोज वाचायची, बाबा रोज गप्प, आणि रोज ती थोडा कमी सराव करायची, कारण गरजच काय उरली होती? खडूकाकांचं जेवण कमी झालं. बायकोला वाटलं, साधनेचाच परिणाम असेल. मेव्हणा म्हणाला, "पहिल्यांदा असंच होतं. आतला कचरा बाहेर पडतो, भावजी."

एकोणतिसाव्या दिवशी मात्र त्यांना राहवेना. चार दिवसांवर चाचणी आली होती. कारखान्यातून सुटल्यावर ते तडक फर्निचरच्या दुकानाचा जिना चढले. सर टेबलाशी बसून साधकांच्या वह्या चाळत होते.

"सर, मुलीला एकच गोष्ट सांगायची परवानगी द्या. एकच."

"कुणाला... सांगायची आहे?"

"मुलीला."

"ते नव्हे. सांगावंसं कुणाला वाटतंय? 'मी' ला. का? तर 'माझी' मुलगी. पाहिलंत? मी आणि माझं."

"सर, ती नापास होईल हो!"

"कोण... नापास होतं?" सरांनी डोळे मिटले. खडूकाका वाट पाहत उभे राहिले. त्यांना खरोखर उत्तर हवं होतं. सरांनी डोळे उघडले आणि वेगळ्याच, व्यवहारी आवाजात म्हणाले, "हे बघा, तुम्ही आज बोललात तर चाळीस दिवस पहिल्यापासून. मेळाव्याला काही तुम्ही पोचत नाही मग. आणि एक सांगतो, सांगायला नको खरं तर. तुमच्या वहीची बरोबरी करील अशी वही आमच्याकडे अजून आलेली नाही."

सांगायला लाज वाटते, पण खडूकाका जिना उतरले ते थोडे ताठ होऊन. मुलगी डोळ्यांपुढे होती, नाही असं नाही. पण तिच्या बाजूलाच एक स्टेजही दिसत होतं, आणि त्यावर ते स्वतः. परीक्षक काय एवढ्याशा गोष्टीवर अडणार आहेत, असं त्यांनी स्वतःला समजावलं. तिचा आवाज गोड आहे, उच्चार स्वच्छ आहेत, होईल. साधनेआधीच्या एकवीस वर्षांत एकाही बॅगेला त्यांनी "होईल" म्हणून सोडलं नव्हतं.

चाचणी झाली. पस्तिसाव्या दिवशी निकाल आला. मुलगी नापास. का, ते तिनं स्वतः फोन करून विचारलं होतं, आणि रेडिओवरच्या बाईंनी सरळ सांगितलं, वाक्यांचे शेवट ऐकू येत नाहीत.

मुलगी रडली नाही. चिडली. "वाक्यांचे शेवट म्हणे! आई, काहीही सांगतात. आधीच कुणाला तरी घ्यायचं ठरलेलं असणार. चूक असती तर बाबांनी मला सोडलं असतं? बाबांनी?" तिनं कागद-पेन घेतलं. "मी तक्रार करणार आहे. लिहिणार आहे, की माझे वडील एकवीस वर्षं तपासनीस आहेत, त्यांच्यासमोर मी बारा दिवस वाचलंय आणि त्यांनी एकदाही मला थांबवलेलं नाही. बाबा, सांगा ना आईला!"

बाबांनी बायकोकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. पाच दिवस राहिले होते. फक्त पाच. ते खोलीत गेले, दार लावलं आणि वही उघडली. मग लिहिलं, "मी भित्रा आहे." पस्तीस दिवसांत हे एकच वाक्य त्यांनी कुणाकडे न बघता लिहिलं होतं.

अडतिसाव्या दिवशी कारखान्यात पहिला टेम्पो परत आला. कुठे चाक निखळलेलं, कुठे चेन दोन्हीकडून उघडी. एका गिऱ्हाइकाचे कपडे म्हणे विमानतळभर पसरले होते. मालकांनी कुंडी उचलून बाहेर नेली आणि खडूकाकांच्या टेबलापाशी येऊन हलक्या आवाजात विचारलं, "काका, हे तुमचं किती दिवसांचं आहे?" "दोन दिवस राहिले," काका म्हणाले. मालकांनी कपाळाला हात लावला.

आणि मग मेळावा. सभागृह गच्च भरलेलं. पहिल्या रांगेत बायको, मुलगी आणि नवा सदरा घातलेला मेव्हणा. मुलीचा तक्रारीचा अर्ज पर्समध्येच होता, येताना तिनं तो टाकायला टपालपेटी शोधली होती पण सापडली नव्हती. तिला खरं तर यायचं नव्हतं. पण बाबांचा सत्कार, आयुष्यातला पहिला, म्हणून आली होती.

खडूकाकांना स्टेजवर मऊ खुर्चीत बसवलं. सरांनी वही हातात घेतली, उंच धरून दाखवली. "हा माणूस दुसऱ्यांचे दोष शोधण्याचा पगार घेत होता," ते म्हणाले. "आज त्याच्या वहीत... फक्त 'मी' आहे. ऐका. 'माझं एक चाक डावीकडे ओढतं.' काय खोल गोष्ट आहे! डावीकडे म्हणजे कुठे? भूतकाळाकडे." टाळ्या. "'माझी चेन तिसऱ्या दाताशी अडकते.' तिसरा दात! बालपण, तारुण्य, आणि तिसरं? तिथेच आपण सगळे अडकतो." पुढच्या रांगेतली एक म्हातारी बाई डोळे पुसायला लागली. मागे कुठेतरी काकांचा सत्कार बघायला आलेली शिलाईवाली बसली होती, तिनं मान खाली घातली.

"'मी जेवताना मचमच करतो.'" लोक प्रेमानं हसले. मेव्हणाही हसला, मग त्याचं हसू हळूहळू कमी झालं आणि तो आपल्या तोंडाला हात लावून बसला. "'माझ्यात मीठ फार आहे.'" बायकोनं समोर बघणं सोडून मांडीवरच्या रुमालाकडे बघायला सुरुवात केली.

सरांनी पानं उलटली. "'मी वाक्याचा शेवटचा शब्द गिळतो.' वा! बोलतो तो अहंकार, गिळतो तो..."

मुलगी ताठ झाली.

"आणि पाहा, दुसऱ्या दिवशीही तेच. 'मी वाक्याचा शेवटचा शब्द गिळतो. बंद राहणार नाहीत, यातलं नाहीत ऐकू येत नाही.' तिसऱ्या दिवशीही! याला म्हणतात चिकाटी. बारा दिवस... हा माणूस एकाच दोषाशी झुंजतोय." मग पुढचं पान उलटून त्यांनी तिथलं एकुलतं एक वाक्य वाचलं, पण मनातल्या मनात. "हे साधंच आहे," असं म्हणून पान उलटून टाकलं.

मुलगी उभी राहिली. एवढ्या माणसांत, पहिल्या रांगेत.

"बाबा, पहिल्यांदा कधी लिहिलंय ते? तारीख काय आहे?"

सरांनी वहीत पाहिलं. खडूकाकांना वहीची गरज नव्हती. "एकविसावा दिवस," ते म्हणाले. माइक जवळ होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

"म्हणजे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हाच तुम्हाला कळलं होतं."

"हो."

तिनं पर्समधून तो अर्ज काढला, त्याकडे एकदा बघितलं आणि चुरगाळून मुठीत धरला. मग ती दोन रांगांमधल्या वाटेनं दाराकडे चालू लागली. सर माइकवर म्हणाले, "पाहा. मुलगी निघून चालली आहे... आणि हा माणूस हललासुद्धा नाही. याला म्हणतात परिवर्तन." आणि टाळ्या सुरू झाल्या. टाळ्यांनी सभागृह दणाणलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्यासाठी वाजणाऱ्या त्या टाळ्या खडूकाकांना कानाखाली बसल्यासारख्या लागल्या. ते उठले. खुर्ची मागे पडली. कुणीतरी प्रमाणपत्र पुढे केलं, ते बाजूला सारून ते पायऱ्या उतरले आणि पळाले. पंचावन्न वर्षांचा माणूस, सगळ्यांसमोर, धाप लागेपर्यंत पळाला.

मुलगी बाहेर बसस्टॉपवर उभी होती. ते शेजारी जाऊन उभे राहिले. 

"माझं चुकलं," ते म्हणाले. "अगं, फार चुकलं. मी त्या सत्काराला भुललो. तुझी जागा घालवली मी."

"तुम्ही मला आधी पन्नास वेळा रडवलंय, बाबा," मुलगी रस्त्याकडे बघत म्हणाली. "त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण त्या बारा दिवसांत मी इतकी खूश होते!" आता तिचे डोळे भरले. "आईला रोज सांगायचे. दवाखान्यातसुद्धा सांगितलं सगळ्यांना."

"मी आता सगळं सांगतो. आणखीही आहेत. वाचताना तू मोठा श्वास घेतेस, तो ऐकू येतो. वाईट बातमीलाही आवाजात हसू राहतं. आपण उद्यापासून बसू. दुसरं कुठलं तरी रेडिओ स्टेशन असेल, कुठेतरी जागा निघेल."

मुलीनं सगळं ऐकून घेतलं. वादही घातला नाही, आणि त्यांना तेच जास्त लागलं. एरवी श्वासावरून तिनं घर डोक्यावर घेतलं असतं.

"चुका तुम्ही सांगाल हो," ती म्हणाली. "त्या मी सुधारीन पण. त्याचं काही नाही. पण मग एक दिवस मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचीन आणि तुम्ही गप्प बसाल. तेव्हा मी काय समजायचं?"

खडूकाकांनी उत्तर शोधलं. खरंच शोधलं, मनापासून, जिवाच्या आकांतानं. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. बस आली, थांबली, दोघांपैकी कुणीच चढलं नाही म्हणून निघून गेली, तरी त्यांना शब्द सापडला नव्हता.

"बघा," मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "आता हेच गप्प बसणं. ह्याचं मी काय समजायचं?"